मास्तरांची कवळी

आमच्या सासऱ्यांना सगळे मास्तर म्हणतात. शाळेतले नव्हेत, शिवणाचे. पुढच्या खोलीत त्यांचं मशीन, उंच आरसा आणि एकेका बाहीचे कोट. तोंडाचा पट्टा दिवसभर चालू. जेवताना तर खासच. भाजी कच्ची, भात गिचका. सुरुवातीला मला वाटे, एक दिवस ताट आपटून उठावं.

मग त्यांचे समोरचे तीन दात गेले. कवळी बसवली आणि त्यांनी आमच्याबरोबर जेवणंच सोडलं. “मला नंतर भूक लागते,” म्हणायचे आणि मागाहून एकटेच दुधात पाव कुस्करून खायचे. मी भाजीचा अगदी लगदा करून ठेवू लागले, तरी तशीच राहायची. अंगावरचा शर्ट लोंबायला लागला. मला आतून भीती वाटू लागली.

एकदा बटण शोधायला मी त्यांचा डबा उपडा केला, तर बटणांत कवळी!

“बाबा, हे काय?”

“टोचत होती. जरा घासली.”

“कशाने?”

“कानशीने. तंग असलं की सैल करायचं, त्यात काय मोठंसं!”

या माणसाने कवळी अल्टर केली होती. आता ती टोचायची ती टोचायचीच, वर बोलताना खाली यायची.

“तुमच्या सगळ्यांदेखत ताटात पडली असती म्हणजे?” ते मान खाली घालून म्हणाले. माझा राग कुठच्या कुठे पळाला.

“दातांच्या डॉक्टरीणबाईंना का नाही सांगितलं?”

“विचारलं त्यांनी. मी म्हटलं, झकास बसलीय. बिचारीने एवढी खपून केलेली.”

“आणि पोट आत ओढून माप देणाऱ्या गिऱ्हाइकाला तुम्ही काय सांगता?”

“श्वास सोडा म्हणतो,” ते पुटपुटले. “नाहीतर उद्या बटण तुटेल आणि नाव माझं खराब होईल.”

दुसऱ्याच दिवशी मी त्यांना घेऊन गेले. कानशीचं ऐकून डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला आणि नव्याने माप घेतलं. नवी कवळी घालून बघायच्या दिवशी मास्तर खुर्चीत बसले आणि सवयीने सुरू झाले, “झका...”

“बाबा, श्वास सोडा,” मी मागून म्हटलं.

ते थांबले. मग भडाभडा बोलले. डावी तार हिरडीत रुततेय, चावलं की मागे उचलते, जिभेला कड लागते. बाईंनी रंगीत कागद चाववून जिथे दाब पडत होता तिथेच घासलं, तार वळवली. आणखी दोनदा जावं लागलं. शेवटी सांगायला काही उरलं नाही.

त्या संध्याकाळी ते स्वतःहून आमच्यात येऊन बसले. सगळे आपापल्या ताटात बघत होते. त्यांनी घास घेतला, सावकाश चावला, गिळला. दुसरा घेतला.

“भाजी कच्ची राहिलीय,” ते म्हणाले.

नवऱ्याने घाबरून माझ्याकडे पाहिलं. मी बाबांना आणखी भाजी वाढली. मुद्दामच कच्ची ठेवली होती मी.