शेवटची गाडी कितीची? बँकॉकजवळ खोली शोधण्याचे सहा दिवस

मंगरूळपीरच्या स्टँडवर सकाळी साडेसहाला मी, माझी निळी बॅग आणि बाबा असे तिघं उभे होतो. आधी नागपूर, तिथून कोलकाता आणि मग बँकॉक. लोक बँकॉकला काय काय बघायला जातात ते मला माहीत आहे, सांगू नका. मी गेले होते खोली बघायला. बँकॉकच्या वायव्येला नोंथाबुरी प्रांतात बांग बुआ थोंग नावाचं गाव आहे, तिथल्या एका शाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी मला लागली होती. एका वर्षाचा करार, शाळा मेच्या मध्यावर सुरू. पगार ठरला, वर्ग ठरले, सोमवारी पिवळा शर्ट घालायचा हेसुद्धा कळलं. फक्त राहायचं कुठं, तेवढं माझ्यावर सोडलेलं. म्हणून एप्रिलच्या शेवटी सहा दिवसांसाठी ही स्वारी.

माझ्याबद्दल एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट कळेल. मी टिकत नाही. पुण्यात सात महिने टिकले, संभाजीनगरात चार. दोन्ही नोकऱ्या चांगल्या होत्या, दोन्हीकडे लोकही चांगले होते. पण कुठंही गेलं की महिनाभरात पायाला भिंगरी लागते, छातीत काहीतरी फडफडायला लागतं आणि शेवटी मी सामान बांधते. निघायच्या आदल्या दिवशी आईनं शेवग्याच्या शेंगा सोलता सोलता शांतपणे सांगून टाकलं, "आता तिसऱ्यांदा वापस आली ना, तं मंग इथंच राय. लोकाईले किती वेळा सांगू, पोरीले करमलं नाई म्हणून?" मला राग आला, कारण तिचं खरं होतं.

बाबा निवृत्त कंडक्टर. आमचं गाव आसेगाव सोडून मंगरूळपीरला आलो तेव्हापासून खोलीच्या बाबतीत त्यांचा एकच कायदा. शिकायला अमरावतीला गेले तेव्हा सांगितला, पुण्याला गेले तेव्हा सांगितला आणि आता परदेशी निघाले तर लाल गाडीच्या खिडकीतून परत सांगितला, "खोली स्टँडजवळ पाहाजो. शेवटची गाडी चुकली नाई पाह्यजे." मी मान हलवली. बाजूच्या सीटवरच्या बाईनं विचारलं, "कुठं, अकोल्याले का?"

व्यवहाराचं थोडं बोलते. भारतीयांना फिरायला जाताना सध्या व्हिसा लागत नाही, पण हे नियम बदलत असतात, तिकीट काढण्याआधी बघून घ्या. बाटचे साधारण अडीच-पावणेतीन रुपये होतात. मी डॉन मुआंग विमानतळावर उतरले, कारण स्वस्त विमानं तिथं येतात. बाहेर आले तर ऊन चटचट लागत होतं, पण वऱ्हाडच्या माणसाला कोणी उन्हाचं सांगू नये. नोंथाबुरीच्या धक्क्याजवळ नदीकाठी साधं हॉटेल घेतलं होतं. समोर सकाळचा बाजार, त्यात भात आणि उकडलेली कोंबडी, वर आल्या-मिरचीची झणझणीत चटणी, पन्नास बाटला पोटभर. पहिल्या दिवशी दोनदा तेच खाल्लं.

दुसऱ्या दिवशी क्रू पिम भेटल्या. क्रू म्हणजे गुरुजी किंवा बाई, तिकडे शिक्षकांना असंच म्हणतात. पन्नाशीच्या, बुटक्या, छत्रीशिवाय एक पाऊल न टाकणाऱ्या. नव्या शिक्षकांना खोल्या दाखवणं हे त्यांचं काम नव्हतं, पण दरवर्षी त्याच दाखवतात म्हणे. आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं, तेही दोघींच्या दोन तऱ्हांच्या इंग्रजीत, पण अडलं काही नाही.

पहिली खोली शाळेपासून दहा मिनिटं चालत. मोठा रस्ता सोडून गल्ली, गल्लीतून कालवा, कालव्यापलीकडे एक बुद्धविहार आणि त्याच्या भिंतीला लागून दुमजली घर. मालकीणबाईंना सगळे 'पा' म्हणतात, म्हणजे मावशी. वर एक खोली, पंखा, गादी, खिडकीत आंब्याचं झाड. भाडं साडेतीन हजार बाट. आता हे नीट ऐका, कारण तिकडे जाणाऱ्या मराठी माणसाला हे कोणी सांगत नाही. तिथल्या भाड्याच्या खोल्यांना बहुतेक वेळा स्वयंपाकघरच नसतं. लोक बाहेर खातात, फार तर भात शिजवायचं विजेचं भांडं ठेवतात. पण पा म्हणाल्या, खालचं माझं स्वयंपाकघर वापर. त्यांनी कैरी कापून दिली, सोबत मीठ, साखर आणि लाल तिखट. मी खाली फरशीवर बसून तीन फोडी खाल्ल्या. पांनी पिमकडून मला एकच प्रश्न विचारला, जेवायला एकटी बसतेस का? मी म्हटलं, सवय आहे.

मग माझा प्रश्न. इथून बाहेर पडायला गाडी कुठली? सोंगथेव. म्हणजे मागं दोन बाकं टाकलेली टपाची पिकअप, आपल्या काळीपिवळीची बहीण. शेवटची कितीची? संध्याकाळी सातची. त्यानंतर? पिम म्हणाल्या, त्यानंतर सगळे घरीच असतात.

सात म्हणजे काय हो! तिथंच माझं मन उठलं. कैरी चांगली, खोली चांगली, मावशी चांगली, पण सातनंतर कोंडून घेतल्यासारखं होईल या विचारानं तळपायाला घाम फुटला. मी कळवते म्हटलं आणि निघाले. खोली नको असली की माणूस 'कळवते' म्हणतो, ही भाषा जगात सगळीकडे सारखी आहे.

तिसरा दिवस नदीकाठच्या खोल्यांचा. पिमसोबत पाच पाहिल्या. कुठं भिंतीला ओल, कुठं विजेचं युनिट दुप्पट दरानं, कुठं दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि वर एक महिन्याचं आगाऊ. हे शेवटचं जवळपास सगळीकडेच आहे, तेवढी तयारी ठेवा. नदीची नाव मात्र मस्त. सोळा बाटात तासभर वारा खात जुन्या शहरापर्यंत जाता येतं. मी त्या नावेतून नुसती इकडून तिकडे गेले आणि परत आले, बसवतच नव्हतं एका जागी. एक ना धड भाराभर चिंध्या, अशी गत झाली. वहीत सहा खोल्यांची नावं आणि एकीसमोरही बरोबरची खूण नाही.

चौथ्या दिवशी पिमसोबतच लाक सी. हे बँकॉकच्या उत्तरेला, डॉन मुआंगच्या अलीकडे. पाचव्या मजल्यावरची खोली, एसी, लिफ्ट, खाली चोवीस तास उघडं दुकान. मालक नव्हतेच, काउंटरवरच्या मुलीनं किल्ली दिली. खिडकी उघडली तर विमान उतरताना दिसलं. स्टेशन चार मिनिटं चालत, तिथून विमानतळ दहा मिनिटांत. बसेस रात्रभर. मी आत पुरती गेलेही नाही, बॅग खांद्यावरच होती. उंबऱ्यातूनच म्हटलं, हीच. दोन हजार बाट देऊन खोली धरून ठेवली, छातीतली फडफड थांबली आणि मला चक्क भूक लागली.

पिम चपला काढून आत गेल्या होत्या. बाथरूम, नळ, कपाटाच्या कड्या असं सगळं बघून आल्या. खाली नूडल खाताना त्या म्हणाल्या, "बारा वर्षं मी खोल्या दाखवते. कोणी विचारतं खिडकी कुठल्या दिशेला, कोणी विचारतं शेजारी कोण. तू प्रत्येक ठिकाणी एकच विचारलंस, इथून निघायचं कसं."

मला राग आला. ओळख तीन दिवसांची आणि ही बाई माझी पारख करते! मी हसून विषय बदलला. पण घास गोड लागला नाही, हे कबूल करते.

त्याच दुपारी घरी व्हिडिओ कॉल केला. जयभीम झालं, उन्हाचं झालं. आईनं विचारलं, विहार हाय का जवळ? मी म्हटलं, इथं तर पावलोपावली आहेत. मग बाबांना फुशारकीनं सांगितलं की तुमचा कायदा पाळला, स्टँड तर सोडाच, विमानतळच दहा मिनिटांवर आहे. मला वाटलं खूश होतील. त्यांनी कंडक्टरचा प्रश्न विचारला, "अन् शाळा किती टप्पे?" मी मोजलं. आधी मेट्रोची गुलाबी लाईन, मग जांभळी, मग सोंगथेव. दीड तास तरी. बाबांनी फोन आईकडे दिला.

पाचव्या दिवशी मी प्रवास करून पाहिला. खोली पक्की करण्याआधी शाळेच्या वेळेला एकदा जाऊन बघावं, हा या लेखातला सगळ्यात उपयोगी सल्ला आहे, आणि मी तो खोली धरल्यानंतर पाळला. पहाटे पावणेसहाला नदीकाठचं हॉटेल सोडून आधी लाक सीला गेले आणि तिथून घड्याळ लावलं. एक तास अडतीस मिनिटं. सोंगथेवमध्ये गुडघे दुखले. सवय होते, असं स्वतःला दोनदा सांगितलं. दोनदा सांगावं लागलं, तेव्हाच कळायला हवं होतं.

शाळेत एक सही करायची होती. कार्यालय उघडायला वेळ होता म्हणून कालव्याकडे चालत गेले, तर विहारातून त्रिशरणाचा आवाज आला. मी जागीच थांबले. पाली तीच, चाल वेगळी, शब्द थोडे लांबवलेले. आमच्या मंगरूळपीरच्या विहारात रविवारी आई पांढरी साडी नेसून पहिल्या रांगेत बसते, ती डोळ्यासमोर आली. माझेही ओठ हलायला लागले. भिंतीशेजारच्या घराच्या दारात पा उभ्या होत्या, हातात भिक्खूंसाठी भाताची पातेली. त्यांनी मला ओळखलं आणि पळी माझ्यापुढे धरली, तूही वाढ म्हणून. मी चपला काढल्या आणि वाढलं. मला फार बरं वाटलं, आणि त्याच संध्याकाळी मी लाक सीच्याच खोलीची पावती जपून बॅगेत ठेवली. माणूस एवढा हट्टी असतो.

सहाव्या दिवशी परत. नागपूरहून कारंजामार्गे गाडी मिळाली. वाटेत धनजचा फाटा मागं गेला तेव्हा बाबांची आठवण झाली, कारण नोकरीतली कितीतरी वर्षं त्यांच्याकडे धनजची वस्तीची गाडी होती. वस्तीची गाडी म्हणजे संध्याकाळी गावात जाऊन मुक्काम करायचा आणि पहाटे तीच गाडी घेऊन निघायचं.

घरी पोचले तेव्हा ऊन उतरत होतं. बाबा ओट्यावर बसले होते. मी फोनवर सातही खोल्यांचे फोटो दाखवले. लाक सीच्या खोलीवर ते थांबले नाहीत. आंब्याचं झाड दिसणाऱ्या खिडकीवर थांबले.

"हे कोणतं?"

मी सांगितलं. शाळा दहा मिनिटं, बाजूला विहार, मावशी बऱ्या आहेत. पण गाडीची सोय नाही.

बाबांनी चष्मा काढून पुसला. मग जे बोलले ते जसंच्या तसं देते, कारण माझ्या बाबांना इतकं बोलताना मी क्वचित ऐकलं आहे.

"अकरा वर्सं मी धनजले वस्ती केली. पंचायतीनं आमाले खोली देल्ली होती, डायवर झोपे तिथं. मी गाडीतच झोपो, शेवटच्या सीटवर. म्हटलं, पहाटची गाडी हाय, चुकाले नको. अकरा वर्सं झोपलो पोरी त्या गावात, पन गाव नाई पाह्यलं. डायवरले अजून लग्नाच्या पत्रिका येतात तिथून. मले कोन देईन?"

आत आईनं नळ बंद केला, म्हणजे तीही ऐकत होती.

"स्टँडजवळ पाहाजो म्हनून सांगतलं, ते मले तुई कायजी होती म्हनून. वापस येता आलं पाह्यजे, एवढंच डोक्यात राहे. राह्याचं कसं, ते मलेच येत नोतं, तुले काय सांगू?"

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. पुण्याची खोली वाकडेवाडीच्या स्टँडमागं. संभाजीनगरची स्टँडसमोरच्या लॉजच्या वर. अमरावतीची तर इतकी जवळ की फलाटाची घोषणा खोलीत ऐकू यायची. नोकरीच्या दोन्ही शहरांतून मी महिन्यातून तीनदा घरी यायचे, आणि मग म्हणायचे, मला इथं करमत नाही. इतकी वर्षं मी माझ्या पायांना दोष देत होते. ते बिचारे मी उभं केलं तिथं, दारातच, उभे होते.

क्रू पिमना तिथंच ओट्यावर बसून लिहिलं की विहाराजवळची खोली अजून आहे का, मला हवी आहे. लाक सीचे दोन हजार बाट गेले ते गेले. तुम्ही असं करू नका. उत्तर पंधरा मिनिटांत आलं. खोली आहे. पांनी विचारलंय, तिखट किती लागतं?

आता करार होईल, मेमध्ये मी जाईन. टिकेन का? माहीत नाही. फडफड गेलेली नाही, हे लिहितानाही दोनदा उठून दारापर्यंत जाऊन आले. पण बाबांना पिमचं उत्तर वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी सवयीनं विचारलं,

"शेवटची गाडी कितीची हाय तिथं?"

"सातची."

ते जरा वेळ स्टँडच्या दिशेनं बघत राहिले.

"चुकू दे," म्हणाले.