न झोंबणारा डोळा
दिवेआगरात सुपारीच्या झाडावर चढणारे आता बोटांवर मोजण्याइतके उरलेत, आणि त्यात विनेशसारखा दुसरा नाही. हे त्याची बायको सुचिता सांगते म्हणून हसण्यावारी नेऊ नका. एका शेंड्यावरून झोका घेऊन दुसरं झाड धरायचं, खाली न उतरता अख्खी रांग संपवायची, ही विद्या त्याला वडिलांनी, बाळाजीअण्णांनी दिली. सोबत सक्त ताकीद: डोळा चुरचुरला की मुकाट खाली यायचं. तोवर खुशाल काम करावं.

वादळाआधीची वाडी आठवली की विनेशला आजही गलबलून येतं. भर दुपारी खाली ऊन पोचायचं नाही. बापलेक शेजारशेजारच्या शेंड्यांवरून गप्पा हाणायचे आणि खाली आई हाका मारून थकायची, भात निवतोय म्हणून. वादळानं ते सगळं आडवं केलं. वर्षभरात अण्णाही गेले.

पुढे चष्म्यानं छळ मांडला. घामानं घसरायचा, झोका घेताना दोनदा पडून फुटला. वैतागून विनेशनं चष्मा घालवायला पनवेलला डोळ्यांचं लेसर करून घेतलं. चार महिने थेंब घाला, धुळीत जाऊ नका, असं तिथे बजावलं होतं. पण पठ्ठ्याचा डोळा चुरचुरेचना! मग कसले थेंब नि कसलं काय. महिन्याभरात स्वारी झाडावर.

एक दिवस सुचितालाच त्याच्या डाव्या डोळ्यात पांढुरका डाग दिसला. माणगावच्या डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. बुबुळावरच्या काचेसारख्या पडद्यातल्या, चुरचुर कळवणाऱ्या बारीक नसा लेसरमध्ये कापल्या जातात, त्या पुन्हा वाढायला महिने लागतात. तोवर कचरा गेलेला कळत नाही, पुरेसं पाणी सुटत नाही. पडद्याला पोसतात त्याही याच नसा, म्हणून कचऱ्यानं झालेली ती पांढुरकी जखम भरत नव्हती. डोळा वाचेल की नाही, हे बाईंनाही सांगता येईना.

पाच महिने विनेश ओटीवर बसून होता. अण्णांचं तंतोतंत ऐकलं आणि तरी चुकलो, याचंच त्याला सगळ्यात वाईट वाटे.

पाचव्या महिन्यात डाग पुसट झाला. बाईंनी कापसाचं बारीक टोक अलगद त्या डोळ्याला लावलं. विनेश केवढ्यानं तरी दचकला. डोळा मिटला, गालावरून पाणी ओघळलं.

"दुखलं?" बाईंनी विचारलं.

त्यानं सुचिताचा हात घट्ट धरला.

"झोंबलं," तो म्हणाला. "बाई, आणखी एकदा लावा ना."