वहिनींचा सिनेमा

फोन समोरच्याच्या नाकापुढे धरायचा आणि आपण मात्र फोनकडे न बघता त्या माणसाच्या तोंडाकडे बघत राहायचं, ही वहिनींची रीत. सिनेमाची झलक असायची मिनिटभराची. तेवढ्या वेळात वहिनी तुमच्या भुवया, तुमचे ओठ, तुमची मान, सगळं टिपून घेणार. झलक संपली की विचारणार, "आता सांग, काटा आला का नाय अंगावर?"

आला नसला तरी आला म्हणावं लागे. नाहीतर त्या बोट फिरवून झलक पुन्हा पहिल्यापासून लावत. तुमच्याही ओळखीत असं कोणी असेल. लाडक्या नटाविषयी बोलताना आवाज असा लागतो की ऐकणाऱ्याला वाटावं, हा यांचा धाकटा दीर आहे आणि सध्या परगावी नोकरीला आहे.

मी रोह्याजवळ वरशाला राहते आणि पेणच्या एका शाळेत ग्रंथपाल आहे. पावसाळ्यात रोजची ये-जा सोसत नाही, म्हणून तेवढे महिने हमरापूरला खोली घेते. ती खोली वहिनींची. तिला लागूनच त्यांचा गणपतीचा कारखाना, म्हणजे पत्र्याची एक लांब शेड आणि तिच्यात दाटीवाटीने बसलेले देव. साचे आणि ओतकाम वहिनींचे यजमान बघत. त्यांना मी दादा म्हणते. अंगाचे रंग गल्लीतल्या बायका देत. आणि आखणी, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचं काम, वहिनींचं. त्या कामाला शेडमध्ये दुसरा हात नव्हता.

आखणीचा त्यांचा एक नियम होता. एका मूर्तीचे दोन्ही डोळे एका बैठकीत. एक डोळा काढून चहाला उठायचं नाही, फोन घ्यायचा नाही, दारात कोणी आलं तरी वळून बघायचं नाही. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाल्या, "एकच डोळा उघडून ठेवला तर देव काय म्हनंल? अर्धं जग बघू का?"

वहिनी माहेरच्या मिठागरावरच्या. खाडीच्या काठी वाढलेल्या. त्यांच्या लाडक्या नटाचा जो सिनेमा येऊ घातला होता, तो एका दर्यावर्दी राजाचा. खरी गलबतं बांधली होती म्हणे, शेकडो माणसं समुद्रात उतरवली होती. वहिनींना त्या सिनेमावर आपला दुहेरी हक्क वाटे. "माझा आजा सांगायचा गो, आमच्या खाडीत असलीच गलबतं लागायची. हा पडद्यावर दाखवनार, आमच्या आज्यानं डोळ्यानं बघितलीत."

सिनेमा पुढे पुढे जात राहिला. आधी नटाचा गुडघा दुखावला. मग समुद्राचं काम कॉम्प्युटरवर राहिलंय अशी बातमी आली. वहिनींनी एकदाही कुरकुर केली नाही. उलट कारखान्यातल्या बायकांना समजावत, "पहिला हात वाळल्याबिगर दुसरा मारता येतो का? तसंच ता."

पलीकडच्या गल्लीत आणखी एक आखणीवाल्या बाई होत्या. गावात या दोघींच्या हाताला तोड नव्हती, आणि दोघींचं पटतही नव्हतं. त्या बाई दुसऱ्याच एका नटाच्या भक्त. येता-जाता आमच्या दारात थांबून टोला हाणायच्या, "काय गो, आला का तुझा राजा? का बोटीला भोक पडला?"

"येल. तुझ्या हिरोसारखा वरसाला तीन-तीन नाय काढत तो," वहिनी आतून म्हणत. "मोठं काम हाय. टायम लागतो."

"येईस्तोवर म्हातारा व्हईल गो त्यो. काठी टेकत लढंल."

दोघी हसायच्या नाहीत. हसायचो आम्ही.

एक गोष्ट मला बरीच उशिरा कळली. वहिनींनी त्या नटाचा एकही सिनेमा पहिल्या दिवशी पाहिलेला नव्हता. थिएटरातच पाहिलेला नव्हता. त्याचे सिनेमे नेमके गणपतीच्या सीझनला लागत, आणि आमच्याकडे सीझनला कोणी कुठे जात नाही. लग्नं धरत नाहीत, परगावी राहायला जात नाहीत. "आजारी पडायचं ता गणपती गेल्यावर पडा," असं दादा बायकांना बजावत. त्यामुळे वहिनींनी आपला हिरो बघितला तो घरच्या टीव्हीवर, जाहिरातींच्या मधून मधून, सगळ्या गावाचं बघून झाल्यावर.

या वेळी तारीख जाहीर झाली ती श्रावणातली. म्हणजे पुन्हा ऐन सीझन.  त्याच संध्याकाळी वहिनींनी दादांपुढे जाऊन सांगितलं, "त्या दिवशी आमी सगळ्या जनी जानार. पहिल्या दिवशी. पेनला."

दादा साच्याला तेल लावत होते. "सिनेमा काय पळून जातो काय?"

"सिनेमा नाय पळत. पहिला दिवस पळतो."

दादांनी वर पाहिलं. मग म्हणाले, "मोठ्या मूर्तींची आखणी त्याच्या आत संपव आन् जा. बायकांना घेऊन जा. बाईंना पन ने, नायतर त्या पुस्तकातच बसतील."

अशी परवानगी दादांनी आयुष्यात पहिल्यांदा दिली असावी. कारखाना त्या दिवसापासून बदलला. रंगवणाऱ्या बायका लवकर येऊ लागल्या. त्या दिवशी कोणती साडी नेसायची यावर अंगाचा रंग देता देता चर्चा होई. राजा पडद्यावर आला की शिट्टी कोण मारणार, हा प्रश्न होता. एकीला तोंडात बोटं घालून शिट्टी येत होती, तिच्याकडून बाकीच्या शिकू लागल्या. मूर्तींच्या रांगांमधून नुसती हवा फुसफुसत असे.

त्याच दिवसांत वहिनींच्या हातून ती चूक झाली. रोह्याच्या एका मंडळाची उंच मूर्ती होती. वहिनी शिडीवर चढल्या, दोन्ही डोळे एका बैठकीत काढले आणि खाली उतरल्या. दादा समोर जाऊन उभे राहिले. डावीकडे सरकले, उजवीकडे सरकले. आम्हाला कळेना काय झालं ते.

"अगो," दादा म्हणाले, "हा बाप्पा मोदक खानार का कोनाचा गळा कापनार?"

मग आम्हालाही दिसलं. गणपतीची नजर शांत असते, समोरच्यावर ठरलेली. ही तिरपी होती. डावी भुवई किंचित उचललेली होती. झलकेत गलबताच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला, उभा राहिलेला राजा जसा बघतो, तसा तो गणपती रोह्याच्या भक्तांकडे बघणार होता.

बायका इतक्या हसल्या की एकीच्या हातातली रंगाची वाटी सांडली. वहिनी मात्र चरकल्या होत्या. त्यांनी दोन्ही कानांना हात लावले, ओलं फडकं घेतलं आणि शिडीवर चढल्या. चेहऱ्याला पुन्हा रंग दिला, वाळेपर्यंत समोर बसून राहिल्या आणि मग नव्याने डोळे काढले. उतरल्यावर मला हळूच म्हणाल्या, "पन डोळं चांगलं आलं होतं, नाय गो?"

आले होते. तेव्हा मी नुसती मान हलवली.

पुढचं लिहायला घेते आणि थांबते. मी पुस्तकांत मरण पुष्कळ वाचलं आहे. पुस्तकांत ते येण्याआधी काहीतरी होतं. दिवा फडफडतो, कुत्रं रडतं, वाचणाऱ्याला तयारी करायला एखादं पान तरी मिळतं. इथे काहीच झालं नाही. सकाळची वेळ होती. मी शाळेत निघाले होते आणि छत्री उघडून शेडच्या दारात उभी होते. सिनेमा चार-पाच दिवसांवर आला होता. वहिनी पाटावर बसून मांडीएवढ्या एका गणपतीची आखणी करत होत्या. मला म्हणाल्या, "बाई, त्या दिवशी शाळंत सुट्टी टाकलीस ना?" आखणी करताना त्या कधी बोलत नसत. मला नवल वाटलं. टाकली, असं मी म्हणाले. त्यांनी मान डोलावली, कुंचला रंगात बुडवला, आणि तो हात परत वर आलाच नाही. त्या बाजूच्या मूर्तीवर कलंडल्या. मला वाटलं, मूर्ती सावरताहेत.

दादा धावले, बायका धावल्या, रिक्षा आली. पेणला डॉक्टरांनी तपासलं आणि त्या गेल्याचं सांगितलं. हृदय बंद पडलं होतं. वहिनींना कधी साधी डोकेदुखी झालेली मी पाहिली नव्हती. माझी छत्री दिवसभर शेडच्या दारात उघडीच पडून होती.

दुसऱ्या दिवशी मी शेडमध्ये गेले, तर पाटासमोर तो गणपती तसाच होता. त्याचा उजवा डोळा झाला होता. डाव्याच्या जागी नुसता गुलाबी रंग होता.

घराला सुतक लागलं होतं. सुतकात घरच्यांनी मूर्तीला हात लावायचा नाही, ही आमच्याकडची रीत सगळे पाळतात. दादा ओसरीवर बसून होते. सीझन तोंडावर, आणि त्या माणसाला हात मांडीवर ठेवण्यापलीकडे काम नव्हतं. अशा वेळी काय करायचं तेही गावात ठरलेलं आहे. गल्लीगल्लीतून माणसं आली, कोणी न बोलावता. कोणी ओतकाम उचललं, कोणी रंग. आपापल्या कारखान्यातलं काम उरकून यायची आणि इथे बसायची.

दुपारी त्या पलीकडच्या गल्लीतल्या बाई आल्या. आपले कुंचले पदराखाली धरून आल्या होत्या. ओसरीवर दादांकडे त्यांनी बघितलं नाही. सरळ पाटाशी आल्या, तो गणपती बघितला, आणि मटकन खाली बसल्या.

"मेली अर्ध्यात उठली," त्या म्हणाल्या. "कधी उठत नव्हती ती."

मग कितीतरी वेळ त्या नुसत्या त्या उजव्या डोळ्याकडे बघत राहिल्या. त्यांचा स्वतःचा हात ठसठशीत, वहिनींचा बारीक. डोळ्यांतलं पाणी त्यांनी दोनदा पुसलं, कारण पाणी असलं की रेघ हलते. शेवटी कुंचला टेकवला. डावा डोळा काढून झाल्यावर मी समोर जाऊन उभी राहिले. दोन डोळे दोघींचे आहेत हे मला ओळखता आलं नाही. तो गणपती कोणाच्या घरी गेला, तेही मी विचारलं नाही.

सिनेमा लागला त्या दिवशी पेणला फटाके वाजले. आवाज हमरापूरपर्यंत आला. दादांनी ओसरीवरून विचारलं, "आज कसलं फटाकं?" मी सांगितलं. ते "व्हय" एवढंच म्हणाले आणि आत गेले. कारखान्यातली एकही बाई त्या दिवशी गेली नाही. शिट्टीही कोणी वाजवली नाही.

गणपती आले, गेले. शेड रिकामी झाली. मी वरशाला परतले. पुढे देवीच्या मूर्तीचं माप घ्यायला दादा रोह्याच्या एका मंडळाकडे आले, आणि तिथून चौकशी करत आमच्या घरी आले. बारीक झाले होते. चहा अर्धा पिऊन त्यांनी कप खाली ठेवला.

"बाई, तो सिनेमा हिथं अजून चालू हाय का?"

रोह्यात दुपारचा एकच खेळ उरला होता. आम्ही गेलो. थिएटरात दहा-बारा डोकी असतील. दादा खुर्चीत पाठ न टेकता बसले. सुरुवातीला ते सिनेमा बघत नव्हते, काम तपासत होते. "दाढी चिकटवलेली कळते," असं एकदा पुटपुटले. राजा पहिल्यांदा पडद्यावर आला तेव्हा आमच्या मागे कोणी शिट्टी मारली नाही. 

मग गलबतं आली. दादा हळूहळू पुढे झुकले. मध्यंतरात ते उठले नाहीत. उत्तरार्धात राजाच्या जिवाभावाच्या माणसाला दगा झाला तेव्हा "आरं!" असं इतक्या मोठ्यांदा म्हणाले की पुढच्या रांगेतली माणसं वळली. शेवटी राजा जखमी होतो. त्याचं गलबत चारी बाजूंनी वेढलं जातं. तो उभा राहतो, समोर बघतो, आणि पडदा काळा होतो. मग अक्षरं येतात, की पुढची कथा दुसऱ्या भागात.

दिवे लागले. लोक उठून जाऊ लागले. दादा बसूनच होते.

"लाईट गेली काय?"

"नाही दादा. एवढाच आहे. राहिलेला दुसऱ्या भागात दाखवणार."

सिनेमा दोन भागांत आहे हे रोह्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असणार. पहिल्या दिवशी बघून आलेल्यांनी गावभर सांगितलंच असेल. आम्हा दोघांना माहीत नव्हतं. आम्हाला सिनेमाच्या बातम्या सांगणारं माणूस एकच होतं.

"दुसरा कधी?" दादांनी विचारलं.

"ते सांगितलेलं नाही. दोन वर्षं लागतील, तीनही लागतील."

दादांनी पुढच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली होती. बोटांच्या कडांना रंग होता, कधीच न जाणारा.

"मग येवढी वाट आता कोनासंगती बघायची, बाई?"

 थिएटर झाडणारा माणूस आला. एकेक रांग झाडत आमच्यापर्यंत पोचला, आमच्याकडे बघितलं, आणि आमची रांग सोडून पुढची झाडायला लागला.