आठ्याचे दहा

आत्यांनी त्याला पहिल्यांदा पाहिलं, खरं तर ऐकलं, तेव्हा त्यांचा आखडलेला हात व्यायामशाळेतल्या एका रबरी पट्ट्याशी झोंबत होता. शेजारी उभा असलेला तिशीचा धिप्पाड प्रशिक्षक मोठ्याने मोजत होता, "सहा, सात, आठ... आठ... आठ..."

"अरे, तुझा आठ पुढे सरकणार आहे का? तीनदा झाला!" आत्या करवादल्या.

"पहिले दोन कच्चे होते, आत्या," तो गोड हसून म्हणाला.

त्या व्यायामशाळेत सगळे त्याला आठ्याच म्हणत. एक तर त्याचं हे मोजणं, आणि दुसरं म्हणजे ते ऐकून माणसांच्या कपाळावर पडणाऱ्या आठ्या. पण खोड त्याची नव्हती. शहरभर शाखा काढत सुटलेल्या त्या कंपनीचा दंडकच होता, की प्रशिक्षकाने 'पुरे' म्हणायचं नाही. व्यायाम करून घेतानाही नाही, आणि वर्षभराचं सभासदत्व कुणाच्या गळ्यात मारतानाही नाही.

एका सोमवारी दाराला टाळं दिसलं आणि टाळ्याखाली कागद: कंपनी दिवाळखोरीत निघाली आहे. साहेबांचे फोन बंद. आठ्या मात्र नेहमीच्या वेळी येऊन दाराशी उभा होता आणि येईल त्याची बोलणी खात होता.

"वरच्यांनी गाशा गुंडाळला, तू कशाला शिव्या खायला थांबलास?" आत्यांनी विचारलं.

"यातल्या निम्म्यांना मीच सभासद केलंय. तोंड चुकवून जाऊ कुठे?" मग त्याने आवाज उतरवला. "खरं सांगू? टाळं बघून आधी हायसंच वाटलं. उद्यापासून कुणाच्या गळ्यात पडायला नको. मग आठवलं, बायकोला आठवा महिना लागलाय. नोकरी तर हवी."

"तिथेही आठच का रे!" आत्यांना हसू आवरेना. तोही हसला, पण डोळे पुसत.

शस्त्रक्रियेनंतर रुग्णांकडून व्यायाम करून घेणारा एक छोटा दवाखाना आत्यांच्या भाचीचा होता. तिला मदतनीस हवाच होता, म्हणून आत्यांनी आठ्याचं नाव सुचवलं. "एक दिवस बघते," भाची म्हणाली. "पण आत्या, ही व्यायामशाळेतली माणसं फार ताणतात. नव्या गुडघ्याला ते चालत नाही."

गुरुवारी आत्या खांद्याचं निमित्त काढून तिथे जाऊन बसल्या. खाटेवर गुडघा बदललेले एक सुतारकाका होते. आठ्या मोजू लागला, "सात... आठ..." आणि सवयीची जीभ पुन्हा तिथेच अडली, "आठ..."

भाचीने मान वर केली.

आठ्याचे कान लाल झाले. "चुकलं, काका. तो नऊ होता. आता हा दहा, आणि झालं."

काकांना मात्र हुरूप आला होता. "अजून चार मारतो की! जमतंय मला."

"नाही, काका." त्याने त्यांच्या पोटरीखाली अलगद उशी सरकवली. "पुरे."

शब्द तोंडातून गेला आणि तो स्वतःच दचकला. मग पाठीवरचं पोतं उतरवल्यासारखा त्याने लांब श्वास सोडला. आत्यांचा जीव भांड्यात पडला. भाचीने दारामागच्या खुंटीवरचा पांढरा डगला काढून त्याच्या हातात दिला. "बाह्या आखूड पडतील. नवा शिवून घेऊ."

त्याची लेक आता दीड वर्षाची आहे. आठ्या सकाळी आठ ते चार त्या दवाखान्यात असतो, दहा म्हणजे दहाच मोजतो, आणि डगल्याच्या बाह्या अजून आखूडच आहेत.