गणपतची मिशी

नाटक बघून घरी आलो की दुसऱ्या दिवशी ते निम्मं विसरलेलं असतं. पण ते बघताना शेजारचा काय बोलला, ते मात्र जन्मभर लक्षात राहतं. जालन्यात दर मे महिन्यात जुन्या नाटकांचा महोत्सव भरतो. आम्ही तिघं तिथं इतकी वर्षं जातोय की आता आमच्याकडं नाटकं कमी आणि किस्से जास्त झालेत!

आम्ही तिघं म्हणजे वाटूरच्या एकेकाळच्या नाटक मंडळाचे उरलेले कलाकार. गणपत आमची हिरॉईन, कारण त्या काळी गावात स्टेजवर यायला बाई कुठून मिळणार? वामन साळवे प्रॉम्प्टर. आणि मी? मी पडदा ओढायचो. हसू नका, माझ्याशिवाय एकही नाटक सुरू झालेलं नाही!

आता गणपत गावी शेती बघतो, वामन मास्तरकी संपवून शहागडला राहतो आणि मी जालन्यात. गावात माझं कुणी उरलं नाही. आमचा एक नियम आहे. वर्षभर एकमेकांना फोन करायचा नाही, भेटायचं ते महोत्सवालाच. नियम वामनचा. "फोनवर समदं बोलून टाकलं, तर मंग इंटरव्हलमध्ये काय बोलायचं?"

* * *

वामनला जुनी नाटकं तोंडपाठ. आयुष्यभर विंगेत बसून पुढचं वाक्य पुटपुटायची सवय, ती प्रेक्षकांत बसून कशी सुटणार? नट तोंड उघडायच्या आधी आमच्या रांगेतून वाक्य निघतं!

एका वर्षी पुढच्या बाई दोन अंक गप्प बसल्या. तिसऱ्या अंकाला त्यांनी वळून हात जोडले. "काका, मला नाटक एकदाच ऐकायचंय हो!"

वामन अगदी गंभीर. "ताई, मी तुम्हाला सांगून न्हाई राह्यलो. त्याला सांगून राह्यलो. त्यानं दोन ओळी गाळल्या."

* * *

मे महिन्यातलं जालना म्हणजे काय, ते बाहेरच्या मंडळींना कळत नाही. बाहेरगावची एक नाटक कंपनी आली होती. राजाच्या मृत्यूचा प्रवेश, हॉलमध्ये आठ कूलर घरघरतायत. राजाचे शेवटचे शब्द कुणाला ऐकू जाईनात. शेवटी दिग्दर्शक स्वतः स्टेजवर आले. "रसिकहो, फक्त पाच मिनिटं कूलर बंद ठेवू या का?"

मागून एक आवाज आला. "साहेब, राजा मुकाट्यानं मेला तरी चालंल, कूलर बंद करू नका!"

सगळ्या हॉलनं टाळ्या वाजवल्या. राजाही पडल्या पडल्या हसला.

* * *

आता जरा जुना किस्सा, वाटूरचा. हिरॉईन व्हायचं म्हणून गणपत दर उन्हाळ्यात मिशी काढायचा. आपल्याकडं बाप जिवंत असताना मिशी काढणं म्हणजे काय, ते सांगायला नको. पण कलेसाठी गडी ऐकायचा नाही.

पहिल्याच वर्षी तो तशा तोंडानं तीर्थपुरीच्या बाजारात गेला. तिथं कुणा लांबच्या नातेवाइकानं त्याला बघितलं आणि काही न विचारता आपल्या गावी जाऊन बातमी दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी जीप भरून पाहुणे आले. बायकांनी कोपऱ्यापासूनच गळा काढलेला. गणपतचे वडील, म्हणजे आबा, अंगणात म्हशीची धार काढत बसले होते. भांडं खाली ठेवून ते घाबऱ्या घाबऱ्या उठले.

"अरे, कोण गेलं?"

बायकांनी सूर आणखी चढवला. शेवटी गणपतच्या मामांनी मान खाली घातली. "दाजी... तुम्हीच."

त्या दिवशी आबांनी जाहीर केलं, "ह्या पोराच्या नाटकाच्या मांडवात मी पाय ठेवणार न्हाई. बिलकुल न्हाई!" पुढं बारा वर्षं गणपतनं हिरॉईन केली. प्रयोगाआधी तो दरवेळी पडद्याच्या फटीतून पहिली रांग बघायचा. मी विचारायचो, "काय बघून राह्यला?" तो म्हणायचा, "गर्दी." मला काय कळत नव्हतं का? आबांची खुर्ची रिकामीच असायची.

* * *

माझ्या कारकिर्दीवरचा डाग म्हणजे अडकलेला पडदा. शेवटच्या प्रवेशात हिरॉईन विष घेऊन मेली. मी दोर ओढतोय, पडदा हलेना. गणपत बराच वेळ मेलेला राहिला. शेवटी उठला, उजव्या हातानं दोराला हिसका दिला आणि परत जागेवर जाऊन मेला. डाव्या हातानं त्यानं डोक्यावरचा पदर तेवढ्यातही सांभाळला होता. पब्लिक ओरडलं, "वन्समोर!"

हा किस्सा मी हजारदा सांगितलाय. पदराचं मात्र कधी सांगितलं नाही. का, माहीत नाही. ते आठवलं की हसू येत नाही, एवढंच.

* * *

गेल्या वर्षी कमाल झाली. गणपत आबांना घेऊन आला! नव्वदीला टेकलेले आबा म्हणाले, "उगं घरी बसून काय करू?" योगायोगानं नाटक तेच होतं, गणपतचं. आबा कोपऱ्यातल्या खुर्चीत काठीवर हनुवटी टेकून बसले. शेवटी हिरॉईननं विष घेतलं, कोसळली, पडदा झरकन पडला. आणि आबांचा खणखणीत आवाज आला.

"आमचा गणपत हिच्याहून बराबर मेल्ता! उठून पडदा बी ओढला, पर पदर ढळू दिला न्हाई!"

आम्ही तिघं आबांकडं बघतच राहिलो. गणपत खुर्चीतून अर्धा उठला. "आबा... तुम्ही आल्ते? कुठं बसल्ते?"

"गप! पडदा परत उघडतोय."

बाहेर चहा पिताना गणपतनं पुन्हा विचारलं. कुठं बसले होते, किती प्रयोग बघितले, कसं वाटलं? साठी ओलांडलेला माणूस, पण निकालाच्या दिवशी पोरं उभी राहतात तसा उभा होता. आबांनी बशीतला चहा संपवला. "पुढच्या साली सांगतो. समदं आजच सांगितलं, तर मंग पुढच्या साली तू मला कशाला आणशील?"

* * *

यंदा मी महिनाभर आधीच चार तिकिटं काढून ठेवली. आबांचं कोपऱ्यातलं, पाय लांब करता यावेत म्हणून. वामन आणि मी गेटपाशी उभे होतो. समोरून गणपत आला. डोक्यावर टोपी, आणि ओठावर मिशी नाही! झुपकेदार पांढरी मिशी साफ!

मला राहवलं नाही. लांबूनच चारही तिकिटं हलवत ओरडलो, "काय हिरॉईन! ह्या वयात मिशी काढली? यंदा कोणता रोल?"

वामन खो खो हसायला लागला. गणपत जवळ आला. त्यानं माझ्या हातातलं कोपऱ्यातलं तिकीट काढून घेतलं आणि खिशात ठेवलं.

"आबाचा थोरला पोरगा," तो म्हणाला.