हात लावूनच बघायचं घर

पाहुण्याला 'बसा' म्हणायच्या आधी त्याच्या हातात मेंढरं कातरायची कात्री देणारा माणूस उभ्या महाराष्ट्रात एकच असेल, आणि तो नेमका माझा साडू निघाला. आटपाडीजवळच्या एका वाडीत त्यांच्या आजोबांनी बांधलेलं दगडामातीचं घर आहे. घराणं मेंढपाळांचं, आठ महिने कळपामागं आणि चार महिने घरात. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर साडूंनी शेजारी दोन खोल्या बांधल्या, बायकोसकट तिकडं मुक्काम हलवला आणि जुन्या घराचं संग्रहालय केलं. कौतुक केलं की म्हणतात, "आमची मानसं ह्या घरात कवा धड ऱ्हायलीच न्हाईत. म्हणून तर एवढं टिकलं!"

सगळी नोकरी फौजेच्या भांडारात गेल्यामुळं, चिठ्ठी लावल्याशिवाय वस्तू अस्तित्वात येते यावर त्यांचा विश्वास नाही. चिठ्ठ्याही अशा: "जातं. आई दळायची, आम्ही झोपायचो." "काठी. वडिलांची. मेंढरांना कधी लागली नाही, आम्हांला लागली." आणि दारावर मोठ्या अक्षरांत, "वस्तूंना हात लावावा." इतर संग्रहालयांत हात लावला म्हणून ओरडतात, इथं लावला नाही म्हणून. भर एप्रिलात त्यांनी मला अर्धा तास घोंगडं पांघरून उभं केलं होतं. मी घामानं निथळतोय आणि हे विचारताहेत, "आता कळलं का पावणं, लोकर काय असती?" एकदा मेव्हणीनं तिथला तांब्या चिठ्ठीसकट घासून काढला, तर गृहस्थ दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत.

पण ह्या घराचा अर्धा वाटा होता थोरल्या भावाचा, आणि त्यांना तो पाडून मुलासाठी स्लॅबचं घर बांधायचं होतं. साडूंच्या तोंडचं पाणी पळालं. मला फोनवर म्हणाले, "निम्मं घर पाडल्यावर उरल्याल्या निम्म्याला काय चिठ्ठी लावू?" थोरले सांगलीहून गवंड्याला घेऊन येणार त्या दिवशी मीही साताऱ्याहून गेलो. म्हटलं, निदान जवळ कुणीतरी असावं.

थोरले गवंड्याला भिंती दाखवत आत शिरले आणि खुंटीवरच्या घोंगड्यापुढं थबकले. चिठ्ठीवर होतं, "घोंगडं. धाकट्याचं."

"आरं ए! हे माजं हाय. कोपरा जळल्याला दिसतोय न्हवं? चुलीपाशी मीच निजलो हुतो."

"न्हाई दादा, माजंच हाय."

"तुजं तू वड्याच्या पाण्यात घालवलंस, आन मार मी खाल्ला!"

थोरल्यांनी खिशातलं पेन काढून चिठ्ठीवर काट मारली आणि खाली काहीतरी खरडलं. मग त्यांना जात्याची चिठ्ठी दिसली. "आमी झोपायचो? तू झोपायचास! आईसंगं जात्याचा खुंटा मी धरायचो." एकेक करत त्यांनी सगळं घर तपासायला घेतलं. बिचारा गवंडी तीन वेळा चहा पिऊन निघून गेला. संध्याकाळपर्यंत दोघे भाऊ कडाकडा भांडत होते, आणि घर पाडायचा विषय थोरले विसरले की विसरल्यासारखं केलं, देव जाणे. मुलाचं घर त्यांनी रानात बांधलं. पुढं दर रविवारी एसटीनं येऊन ते स्वतःच लोकांना घर दाखवू लागले. साडू एक सांगायचे, थोरले त्यात चूक काढायचे, आणि बघ्यांची दुहेरी करमणूक व्हायची.

भांडारात हयात घालवलेला माणूस स्वतःच्या घोंगड्याची चिठ्ठी चुकेल, हे मला अजून पटलेलं नाही. पण विचारायचं कधी धाडस झालं नाही.

मागच्या वर्षी थोरले गेले. त्यानंतर मी वाडीला गेलो, तेव्हा कात्री नेहमीसारखी हातात आली, पण 'आता कळलं का' काही आलं नाही. घोंगडं खुंटीवरच होतं. शेजारी काचेच्या चौकटीत ती जुनी चिठ्ठी लावली होती. "धाकट्याचं" वर काट, आणि खाली थोरल्यांचं वाकडंतिकडं अक्षर, "खोटं. थोरल्याचं."

ह्या घराच्या सवयीनं मी हात पुढं केला. साडूंनी माझं मनगट धरलं.

"तेवढ्याला नगा लावू, पावणं. शाई पुसंल."

मधे काच आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही.