मधुताई गच्चीवर होत्या

त्या उन्हाळ्यात डोंबिवलीत सगळ्यात जास्त बोललं गेलेलं वाक्य म्हणजे "आज कालच्यापेक्षा जास्त आहे." मार्च संपायच्या आतच पंखे गरम वारा टाकायला लागले. नळाच्या पहिल्या बादलीत हात घालवत नव्हता. दुपारी दीडच्या सुमाराला वीज जायची आणि ती केव्हा येईल हे छातीठोकपणे कुणी सांगू शकत नव्हतं. बाहेर पडू नका असा इशारा रोज मोबाइलवर यायचा आणि लोक तो रिक्षाच्या रांगेत उभं राहून वाचायचे. सव्वा महिना हेच चाललं होतं.

सुमेधाला मात्र त्या उन्हाचा आतून आनंद होता. बँकेतून निवृत्त झाल्यापासून तिने वाळवणाचा ध्यास घेतला होता. "एवढं कडक ऊन फुकट घालवायचं?" असं ती शेजारणींना म्हणायची आणि पहाटे उठून गव्हाचा चीक शिजवायला घ्यायची. बंगळुरूला असलेली तिची मुलगी उर्वी वर्षभर या कुरडयांचे फोटो मैत्रिणींना पाठवायची. सुमेधाला त्याचं केवढं तरी अप्रूप होतं.

कुरडया घालायच्या सहा मजल्यांवरच्या गच्चीत. त्या गच्चीला कायम कुलूप असायचं आणि तो ठरावही सुमेधानेच सोसायटीच्या सभेत मांडलेला होता. एका थर्टी फर्स्टला वर बाटल्या सापडल्या होत्या, तेव्हापासून नियम झाला की जो वर जाईल त्याने उतरताना कुलूप लावायचं. एक चावी वापरणाऱ्याकडे, दुसरी वॉचमन शिवरामकडे. शेजारच्या विंगमधल्या एका बाईने एकदा गच्ची उघडी टाकली, तर सुमेधाने तिला ग्रुपवर सगळ्यांसमोर सुनावलं होतं. स्वतः ती कधी म्हणजे कधी चुकली नव्हती. दार ओढलं की हात आपोआप कुलपाकडे जायचा.

वाळवण राखायला मधुताई बसायच्या. मधुताई म्हणजे सुमेधाच्या नवऱ्याची, हरिहरची थोरली बहीण. वय एकोणसत्तर, लग्न केलेलं नाही. नौपाड्यात एका डॉक्टरांच्या दवाखान्यात एकतीस वर्षं त्या केसपेपर काढत आणि पुड्या बांधत होत्या. निम्म्या नौपाड्याची दुखणी त्यांना माहीत होती, आणि एकाचं दुखणं दुसऱ्याच्या कानावर कधी गेलं नाही. अजूनही त्या तिकडे गेल्या की बाजारात कुणीतरी थांबून पाया पडायचं. डॉक्टर गेले, दवाखाना बंद झाला, त्यांची भाड्याची खोली असलेली चाळ पाडायला काढली, तेव्हा त्या चार महिन्यांसाठी म्हणून भावाकडे आल्या. त्याला सहा वर्षं झाली होती.

आपली कुणाला अडचण होऊ नये, याची मधुताईंना फार धास्ती. हॉलमध्ये झोपायच्या, पण घर उठायच्या आत त्यांचं अंथरूण दिवाणात गेलेलं असायचं. एक बॅग, दोन चादरी आणि एक जुना रेडिओ, एवढाच त्यांचा पसारा. एसी फक्त सुमेधा-हरिहरच्या खोलीत होता. हरिहर रोज म्हणायचा, "ताई, आत येऊन झोप गं." त्या म्हणायच्या, "मला नाही सोसत ती हवा." आणि सुमेधा दुसऱ्यांदा आग्रह करायची नाही. हे तिला नंतर आठवलं, तेव्हा तोंड लपवावंसं वाटलं.

आता चैत्रातल्या हळदीकुंकवाचं. अन्नपूर्णेला झोपाळ्यात बसवायचं, पुढे आरास मांडायची, बायकांना आंब्याची डाळ आणि पन्हं द्यायचं, भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी भरायची. सुमेधाकडे पंचवीस-तीस बायका यायच्या. आदल्या वर्षी काय झालं, तर कुंकू लावत फिरणारी एक बाई मधुताईंपुढे येऊन थबकली. लावावं की नाही, हे तिला कळेना. मधुताई हसून म्हणाल्या, "मी जरा पन्हं गाळून घेते हं," आणि आत गेल्या. बायका गेल्यावर सुमेधा तणतणली होती, की लोक अजून कुठल्या काळात जगतात म्हणून. तणतणणं खरं होतं. पण या वर्षी तारीख ठरवताना तिने कुरडयांचा शेवटचा घाणा त्याच दिवशी धरला आणि मनाला सांगितलं की योगायोग आहे. असले योगायोग सुशिक्षित घरांत फार नीट जुळवून आणतात.

त्या दिवशी दोन वाजता दोघी गच्चीत गेल्या. फरशीवर पाय ठेवता येत नव्हता. अर्धवट वाळलेल्या कुरडया उलटून झाल्या आणि मधुताई पाण्याच्या टाकीच्या सावलीत काठी घेऊन बसल्या. कबुतरांनी उच्छाद मांडला होता. अंगावर विटका सुती गाऊन, डोक्यावर ओला पंचा, जवळ पाण्याची बाटली. मोबाइल खाली चार्जिंगला होता.

"तासाभराने या खाली," सुमेधा म्हणाली. "फार तापतंय."

"तू जा, तुझी अजून आरास व्हायचीय," मधुताई म्हणाल्या.

सुमेधा जिन्यात आली, दार ओढलं, हात कुलपाकडे गेला. चावी तिने कमरेला खोचली आणि डाळीला फोडणी द्यायची राहिलीय, या विचारात ती तिसऱ्या मजल्यावर पोचलीसुद्धा.

चारला बायका यायला लागल्या. नशिबाने वीज होती. भाड्याने आणलेला मोठा कूलर हॉलमध्ये घरघरत होता आणि पैठणीत घामाघूम झालेल्या बायका त्याच्यासमोर आळीपाळीने उभ्या राहत होत्या. आरास सगळ्यांना आवडली. मधुताई घरात नाहीत, हे अर्धा तास कुणाच्या लक्षात आलं नाही. सुमेधाच्याही नाही.

साडेचारला ती पन्ह्याचा ट्रे घ्यायला ओट्याशी वाकली आणि कमरेला काहीतरी टोचलं. तिने हात घातला. चावी होती.

तासाभराने या, असं आपण सांगितलं आणि दाराला बाहेरून कुलूप घातलं. ती स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आलीसुद्धा. बाहेर पडायचं तर हॉलमधून जावं लागणार होतं. कुणीतरी विचारणार, कुठे निघालीस. मग परत येताना सोबत मधुताई, त्या गाऊनमध्ये, घामाने निथळत, डोक्यावर पंचा. तीस बायकांच्या मधून. पुन्हा कुंकू घेऊन कुणीतरी थबकणार. आणि नणंदेला उन्हात कोंडून इथे पन्हं वाटत होतीस, असं कुणी तोंडावर म्हणणार नाही, पण लिफ्टमध्ये नक्की म्हणणार. सुमेधाने घड्याळाकडे पाहिलं. सावली आहे, पाणी आहे, आता ऊन उतरतंच आहे. अजून दहा मिनिटं, एवढी रांग उरकली की जाते. तिने चावी पुन्हा खोचली आणि ट्रे उचलला.

दहा मिनिटांनी नवीन घोळका आला. मग गाणी म्हणायचा आग्रह झाला. सुमेधानेही एक म्हटलं.

पावणेसहाला शेवटची बाई लिफ्टमध्ये शिरली आणि ती जिन्याने धावत वर गेली. मधुताई दाराला टेकून बसल्या होत्या, मान कलंडलेली, कातडी कोरडी आणि चटका बसेल इतकी गरम. हाका मारल्या तर त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, "केसपेपर आणलाय का?" टाकीची सावली केव्हाच दुसरीकडे सरकली होती.

हॉस्पिटलमध्ये बर्फ, सलाइन, धावपळ. उष्माघात, मूत्रपिंडावर परिणाम झालाय, चोवीस तास काही सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. कॉरिडॉरमध्ये हरिहर पांढराफटक होऊन बसला होता. त्याने विचारलं, "दाराला कुलूप कुणी घातलं?"

"माहीत नाही," सुमेधा म्हणाली.

दोनच शब्द. ते तिने ठरवून म्हटले नव्हते, पण परतही घेतले नाहीत.

कुणी घातलं असेल, याचं उत्तर सोसायटीने स्वतःच शोधलं. शिवराम रोज पाचला वर फेरी मारायचा. म्हणजे त्यानेच न बघता कुलूप ठोकलं असणार. आंबिवलीहून येणारा, चार वर्षं गेटवर असलेला साधा माणूस. सेक्रेटरी अण्णांनी रविवारी सकाळी पार्किंगमध्ये सभा बोलावली. शिवराम हात बांधून उभा राहिला.

"मी लावलंच नाय, अण्णा," तो म्हणाला. "मी पाचला गेलेलो तेव्हा कुलूप आधीच होतं, आतून आवाज पण नाय. म्हटलं, बंद हाय, बरोबर हाय."

"बरोबर आहे?" हरिहर ओरडला. एरवी त्याचा आवाज शेजारच्या खोलीत जात नाही. "माझी बहीण मरता मरता वाचली आणि बरोबर आहे?"

एजन्सीला सांगून उद्यापासून दुसरा माणूस बोलवू, असं अण्णा म्हणाले. सुमेधा प्लास्टिकच्या खुर्चीत मान खाली घालून बसली होती. आता बोलावं, आता बोलावं असं करत तिने चारदा श्वास घेतला. लोकांना वाटलं, बिचारीला फार लागलंय. शेजारणीने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं. आदल्या दिवशीच घरी आलेल्या मधुताई भिंतीला धरून उभ्या होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

"शिवरामला काही बोलू नका," त्या म्हणाल्या. आवाज अगदी बारीक येत होता. "कुलूप मीच घालायला सांगितलं. पोरं वर येतात, कुरडया तुडवतात. मीच म्हटलं सुमेधाला, बाहेरून लाव आणि तासाने ये. पाहुण्यांच्या गडबडीत राहून गेलं तिच्याकडून. माणूस विसरतं."

त्या दिवशी गच्चीत यातलं काहीच त्या म्हणाल्या नव्हत्या. शिवरामने वाकून त्यांना नमस्कार केला. बायका सुमेधाभोवती जमल्या आणि होतं असं गं, मनाला लावून घेऊ नकोस, म्हणत तिची समजूत घालू लागल्या. त्या समजुतीने तिला इतकी लाज वाटली की शिवी परवडली असती. घरी गेल्यावर हरिहरने फक्त एवढंच विचारलं, "तू मला माहीत नाही म्हणाली होतीस ना?" तिने मान हलवली. तो वर्तमानपत्र घेऊन बाल्कनीत जाऊन बसला, भर उन्हात.

मधुताईंचं अंथरूण आता एसीच्या खोलीत होतं. तीन दिवसांनी, हरिहर कामाला गेलेला असताना, सुमेधा कोकम सरबत घेऊन त्यांच्याजवळ गेली. बाहेर पारा अजून तसाच होता. मधुताई पलंगाच्या अगदी कडेला पडल्या होत्या, बाकीचा पलंग मोकळा.

"एक विचारू? तुम्ही वरून हाक का नाही मारलीत?"

"दार वाजवलं की तीनला. हात लाल होईपर्यंत." मधुताई उठून बसल्या. "मग कठड्याशी गेले. खाली कुणी दिसलं की ओरडायचं, असं ठरवलं. तर गेटातून तुझ्या बायकाच यायला लागल्या. गजरे, पैठण्या, काय छान दिसत होत्या. म्हटलं, आता गच्चीतून म्हातारी बोंबलायला लागली तर केवढी शोभा होईल तुझी. तुझा वर्षाचा सण. म्हटलं, विसरलीय बिचारी, आठवण झाली की सगळं टाकून धावत येईल."

सुमेधाने हातातला ग्लास टेबलावर ठेवला. इथे गप्प राहता आलं असतं. आठवडाभर तर ती तेच करत आली होती.

"मला साडेचारला आठवलं होतं," ती म्हणाली.

मधुताईंना कळलं नाही. "म्हणजे?"

मग तिने सगळं सांगितलं. कमरेची चावी, हॉलमधून जावं लागलं असतं ते, गाऊन, पंचा, कुंकू, दहा मिनिटं. आपण गाणं म्हटलं, हेसुद्धा सांगितलं. सांगताना ती रडत होती. आता त्या चिडतील, चार शब्द बोलतील, मग आपण पाय धरू आणि हे ओझं उतरेल, असं तिला वाटत होतं.

मधुताई चिडल्या नाहीत. त्यांनी आपल्या तळहाताकडे पाहिलं.

"हे मला कशाला सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"मला सहन होईना, ताई."

"तुला सहन होईना." त्यांनी ते शब्द पुन्हा उच्चारून पाहिले. "तू विसरलीस, असं धरून मी या घरात सुखाने राहिले असते गं. ते तरी ठेवायचं होतंस माझ्याकडे."

सुमेधा पुढे झाली, पण मधुताईंनी पाय पांघरुणात घेतले होते. त्या पुन्हा पलंगाच्या कडेला आडव्या झाल्या आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

"हरिहरला यातलं काही कळू देऊ नकोस," त्या तशाच म्हणाल्या. "त्याला तुझ्याबरोबर प्रेमाने राहायचंय. माझं काय, मला जायला दुसरं घर नाही म्हणून राहायचंय."